काका, लास्ट वन!

आमच्या जिममध्ये मी ट्रेनरला ‘सर’ म्हणतो आणि सर मला ‘काका’ म्हणतात. सरांचं वय २४, माझं ५६. पण त्यांच्या दंडाचा घेर माझ्या मांडीएवढा असल्यामुळे ही वाटणी दोघांनाही मान्य आहे.

सर दर सोमवारी नवीन व्यायाम आणतात. ‘आणतात’ हाच शब्द बरोबर. मंडईत हंगामातली पहिली मेथी मिळाली की माणूस जसा उंबऱ्यातूनच पिशवी वर धरून दाखवतो, तसे सर दारातूनच सांगतात, ‘‘काका, आज कायतरी नवीन बघू.’’ महिन्यापूर्वीच्या एका सोमवारी त्यांनी बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉट आणला.

तो त्यांनी करून दाखवला. म्हणजे आधी आरशासमोर उभे राहिले. केसांवरून हात फिरवला. टी-शर्टाची बाही अर्धा इंच वर सरकवली. मग मागचा पाय बाकावर ठेवला, दोन्ही हातांत पंधरा-पंधराचे डंबेल्स घेतले आणि लिफ्ट तळमजल्याला जाऊन यावी तसे खाली गेले, वर आले. पाच वेळा. चेहऱ्यावर रेघ नाही. शेवटच्या वेळी वर येताना आरशातल्या स्वतःकडं बघून त्यांनी किंचित मान हलवली, जुनी ओळख असल्यासारखी.

‘‘समजलं ना, काका?’’

समजलं होतं. सरांना बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉट उत्तम येतो, हे मला पूर्णपणे समजलं होतं.

मग माझी पाळी आली. मागचा पाय बाकावर गेला तसा पुढचा एकटा पडला. तो बाकापासून किती लांब ठेवायचा हे सरांनी सांगितलं नव्हतं. त्यांचा आपोआप बरोबर पडला होता. माझा पडला नाही. योग्य जागा शोधत मी लंगडी घालत पुढं-मागं सरकत होतो आणि सर मोबाइलमधून मान वर न काढता मंत्रपुष्पांजली म्हणत होते, ‘‘चेस्ट अप... कोअर टाइट... नी आउट... ग्लूट एंगेज करा, काका, ग्लूट एंगेज!’’ मी आयुष्यात एकदाच एंगेज झालो, त्याला आता २८ वर्षं झाली, आणि तेव्हाही आधी पत्रिका बघितली होती.

त्याआधीच्या महिन्यात असंच लॅट्सचं झालं होतं. दांडा छातीकडं ओढताना ‘लॅट्सनी ओढा’ म्हणाले. मी विचारलं, ‘‘सर, लॅट्स म्हणजे नक्की कुठं?’’ सर वळले, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि नागानं फणा काढावा तशी पाठ फुलवली. ‘‘हे काय!’’

‘‘हे तुमचे झाले, सर. माझे कुठं असतात?’’

सर माझ्या पाठीकडं बराच वेळ बघत राहिले, तलाठ्याला सातबाऱ्यावर नाव सापडेना तसे. मग म्हणाले, ‘‘येतील, काका. सहा महिन्यांत येतील.’’

आता व्यायामांची नावं घ्या. सोमवारी बल्गेरियन, बुधवारी रोमेनियन डेडलिफ्ट, शुक्रवारी रशियन ट्विस्ट. परराष्ट्र खात्यातल्या माणसाचेही एका आठवड्यात एवढे देश होत नसतील. यातलं रोमेनियाचं प्रकरण मोठं मजेचं आहे. १९८४च्या ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवलेला रोमेनियाचा वेटलिफ्टर निकू व्लाड १९९०च्या सुमारास अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका व्यायामशाळेत वजनं उचलत होता. गुडघे जेमतेम वाकलेले, कंबर मागं, दांडा मांड्यांना घासत खाली आणि तसाच परत वर. बघणाऱ्यांनी विचारलं, याला म्हणतात काय? त्याच्याकडं नावच नव्हतं. पाठ मजबूत राहावी म्हणून तो ते करायचा, संपलं. मग बघणाऱ्यांनीच ठरवलं, माणूस रोमेनियाचा, तेव्हा हा रोमेनियन डेडलिफ्ट. करणारा करत राहिला आणि बघणाऱ्यांनी नाव ठेवलं. आमच्या सोसायटीत रोज हेच होतं, फक्त नाव ठेवण्याचा अर्थ वेगळा.

पण या नावातून माझ्या कमरेनं काय बोध घ्यायचा? रोमेनिया नकाशात कुठं आहे हे तिला माहीत नाही. मलाही शोधावं लागतं. याच्या शेजारी तालमीतलं एक नाव ठेवून बघा: धोबीपछाड. धोब्यानं ओला कपडा खांद्यावरून दगडावर आणावा, तसा समोरचा गडी आणायचा. नाव उच्चारलं आणि अर्धी शिकवणी झाली. मल्लखांबावर ‘वेल’ म्हटलं की अंगाला वेटोळं घालत वर जायचंय हे पोराला समजतं. ‘सुईदोरा’ म्हटलं की कुठून तरी अंग ओवून काढायचंय हे सांगावं लागत नाही. बेडूकउडी म्हणजे बेडूकउडी. तिला कुठल्या देशाचा व्हिसा लागत नाही.

हे मी अभिमानानं छाती फुगवून सांगत नाही (छाती फुगवली की सर ‘चेस्ट अप, गुड’ म्हणतात). याला प्रयोगशाळेतला आधार आहे. गाब्रिएले वुल्फ नावाच्या संशोधक बाईंनी सहकाऱ्यांबरोबर एक प्रयोग केला, तो १९९८मध्ये प्रसिद्ध झाला. बर्फावर स्की करताना अंग जसं डावी-उजवीकडं झुलतं, तसं झुलवणारं एक यंत्र घेतलं. काही जणांना सांगितलं, पायावर जोर द्या. काही जणांना सांगितलं, पायाखालच्या चाकांवर जोर द्या. पाय आणि चाक यांच्यात अंतर ते किती! पण चाकवाले जास्त चांगलं शिकले. पुढं असे पुष्कळ प्रयोग झाले आणि बहुतेकांचा सूर तोच निघाला: शिकणाऱ्याचं लक्ष त्याच्या स्वतःच्या अवयवावर नेलं की अंग अवघडतं, बाहेरच्या कशावर तरी नेलं की ते आपसूक वळतं. ‘गुडघा सरळ करा’ यापेक्षा ‘जमीन खाली ढकला’ बरं. धोबीपछाडला नाव देणाऱ्या वस्तादांनी हा प्रयोग वाचलेला नव्हता, कारण ते १९९८च्या बरेच आधी वारले होते.

याचा पुरावा मला जिममध्ये नाही, स्वयंपाकघरात मिळाला. माझी बायको दुपारच्या लेडीज बॅचला जाते. तिथं एक मॅडम शिकवतात. एका संध्याकाळी मी वीस लिटरचा पाण्याचा कॅन उचलायला वाकलो, तर मागून आवाज आला, ‘‘अहो, असं नाही. सरका.’’ तिनं कॅन उचलून ओट्यावर ठेवला. पाठ फळीसारखी. मी अवाक. माझा डेडलिफ्ट चार महिने ‘इम्प्रूव्ह होतोय’ आणि हिचा झालासुद्धा?

‘‘कसं शिकवलं?’’

‘‘काही नाही हो. झाडूची काठी पाठीला उभी लावली. डोकं, पाठ आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी टेकलेली राहिली पाहिजे. मग म्हणाल्या, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या आहेत आणि फ्रीजचं दार उघडं राहिलंय. आता ते कशानं लावाल?’’

‘‘कशानं?’’

बायकोनं मागं सरकून दाखवलं. फ्रीजचं दार धप्पकन लागलं. वरची मीठ-मिरीची बाटली पडली.

म्हणजे ज्या हालचालीला आमचे सर ‘हिप हिंज’ म्हणतात आणि जी समजावताना स्वतःच्या कमरेला हात लावून ‘इथून, काका, इथून’ करतात, ती त्या मॅडमनी एका फ्रीजच्या दारात बसवली होती. दाखवलं काहीच नाही. स्वतः वाकल्यासुद्धा नाहीत. काठी धरून बाजूला उभ्या राहिल्या आणि कुणाची काठी कुठं सुटतेय ते बघत बसल्या. मी सरांना ही युक्ती सांगितली. सर म्हणाले, ‘‘लेडीज बॅचमध्ये चालतं तसं.’’ आमच्या बॅचमध्ये काय चालतं ते माझ्या फिजिओथेरपिस्टला माहीत आहे.

शाळेत पीटी म्हणजे फिजिकल ट्रेनिंग. ती फुकट होती आणि पोटात दुखतंय सांगून आम्ही ती चुकवायचो. जिममध्ये पीटी म्हणजे पर्सनल ट्रेनिंग. तिचे महिन्याला आठ हजार वेगळे, आणि ती चुकवायला पोटात दुखावं लागत नाही, कुणी विचारतच नाही. पण शाळेतल्या पीटीच्या मास्तरांची एक गोष्ट मला आता कुठं कळली. ते आमच्याकडं तोंड करून उभे राहायचे आणि ‘उजवा हात वर’ म्हणताना स्वतःचा डावा वर करायचे. आम्ही खिदळायचो, मास्तरांना डावं-उजवं कळत नाही. त्यांना कळत होतं. समोर उभ्या असलेल्या शंभर-दीडशे पोरांनी आरशात बघितल्यासारखी नक्कल केली, की बरोबर सगळ्यांचा उजवा वर जायचा. लेझमीचे ‘दो रुख’ आणि ‘आगे फलांग’ त्या माणसानं वर्षानुवर्षं उलट्या अंगानं केले. स्वतःला सुलट दिसावं अशी त्यांना गरज वाटली नाही. आमचे सर आरशाकडं तोंड करून उभे राहतात, पाठ माझ्याकडं. आरशात त्यांना मी दिसू शकतो हे खरं, पण वाटेत आधी ते स्वतः लागतात.

बाकी सरांचं मुख्य काम मोजणीचं. ‘‘सिक्स... सेव्हन... कमॉन काका... सेव्हन... एट... स्ट्राँग... एट... लास्ट वन!’’ आणि मी शेवटचा म्हणून जीव काढून उचलला की, ‘‘अजून एक, लास्ट वन!’’ मी तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बारा कॅशवर. मी असं मोजलं असतं तर आज हे सदर आतून लिहीत असतो.

आता मुद्द्याचं. दर सोमवारी नवीन कशाला? सरांचं उत्तर तयार असतं: ‘‘मसल कन्फ्यूज झाला पाहिजे, काका. त्याला सवय होऊ द्यायची नाही.’’ माझे स्नायू कन्फ्यूज झाल्याचं मला काही जाणवलं नाही. त्यांचा मालक मात्र पूर्ण झालाय.

गंमत अशी, की या नवलाईला लोक भुलतात त्यामागं शरीराचाच एक कावा आहे. नवीन व्यायाम केला, विशेषतः ज्यात वजन हळूहळू खाली आणायचं असतं असा, की दुसऱ्या दिवशी अंग दुखतं, तिसऱ्या दिवशी आणखी दुखतं. तोच व्यायाम आठ-दहा दिवसांनी पुन्हा केला, की दुखणं पुष्कळ कमी होतं. शरीर शहाणं असतं, एकदा ठेचाळलं की शिकतं. पण मेंबरला काय वाटतं? आज दुखत नाही, म्हणजे आज व्यायाम लागला नाही, म्हणजे पैसे फुकट. मग नवीन व्यायाम. की पुन्हा दुखलं! मंगळवारी सकाळी टॉयलेटच्या कडीला लोंबकळत खाली बसताना मला स्वतःला धन्यता वाटते, हे कबूल करतो. ऑफिसात जिना उतरताना ‘आई गं’ म्हटलं की शेजारच्या टेबलावरून विचारणा होते, ‘‘लेग डे का?’’ त्या एका प्रश्नासाठी माणूस वर्षाची फी भरतो.

दुसरा कावा याहून गोड आहे. कुठलाही नवा उचलीचा प्रकार सुरू केला, की पहिले काही आठवडे आकडा झरझर वाढतो. पाचचे सात, सातचे दहा. स्नायू तेवढ्यात काही मोठे होत नाहीत. मेंदू आणि मज्जातंतू ते काम शिकत असतात, आणि पहिली वाढ बहुतेक त्या शिकण्याचीच असते. पुढं वाढ संथ होते. मन लावून, कंटाळा गिळून करायची वेळ तिथून सुरू होते. नेमक्या त्या वळणावर सर नवीन प्रकार आणतात. म्हणजे पोरगं पहिलीतून दुसरीत जायची वेळ आली, की शाळा बदलायची. पुन्हा पहिली, पुन्हा पहिला नंबर, पुन्हा पेढे. मी आजवर सतरा व्यायामांत पहिली पास झालो आहे.

नवीन मिळेनासं झालं की जुन्याला फुगवतात. बर्पी घ्या. रॉयल हडलस्टन बर्पी नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९३०च्या दशकात हा प्रकार काढला. कशासाठी? माणूस किती तंदुरुस्त आहे हे झटपट तपासायला. उकिडवं बसा, पाय मागं टाका, परत ओढा, उभे राहा. असं चार वेळा करायचं आणि आधीची नाडी आणि नंतरची नाडी ताडून बघायची. चार वेळा! ती तपासणी होती. आमच्याकडं वीसच्या चार फेऱ्या असतात, आणि वर उडी, आणि खाली जोर. थर्मामीटरनं ताप बघण्याऐवजी थर्मामीटरनंच मारावं, असा हा प्रकार आहे.

ताबाताचं तेच. इझुमी ताबाता यांचा जपानमधला अभ्यास १९९६चा: सायकलच्या यंत्रावर वीस सेकंद जिवाच्या आकांतानं, दहा सेकंद विश्रांती, असं सात-आठ वेळा, आणि पुढं पॅडल मारता येऊ नये इतकी दमछाक. सगळा खेळ चारेक मिनिटांचा. आमच्या जिमच्या फलकावर ‘ताबाता, ४५ मिनिटं’ असं आहे. मी सरांना म्हटलं, चार मिनिटांत संपायला हवं ना? सर म्हणाले, ‘‘चार मिनिटांच्या बॅचला कोण फी देणार, काका?’’ हे उत्तर मला शास्त्रीय वाटलं.

आमच्या बागेत एक अण्णा बसतात. त्यांना यातलं काही सांगायची सोय नाही, कारण ते लगेच तालमीवर येतात. ‘‘आमच्या वेळी जोर आणि बैठका. बस्स. दुसरं काही नाही.’’ मागं सरांनी अमेरिकेतल्या कुणाचं तरी बघून ‘हिंदू पुशअप’ आणला, तेव्हा अण्णांना हर्षवायू व्हायचा राहिला. जोरच तो, लंगोट उतरवून विलायतेला गेला आणि नाव बदलून परत आला. हे याआधीही झालंय. आपल्याकडची मुद्गल-जोडी इंग्रजांनी नेली, बारीक केली, ‘इंडियन क्लब’ म्हणून फिरवली, आणि ती चक्क १९०४ आणि १९३२ या दोन ऑलिम्पिकमध्ये जिम्नॅस्टिक्समध्ये होती. १९३२ला लॉस एंजेलिसमध्ये तिचं सुवर्णपदक जॉर्ज रॉथ या अमेरिकन खेळाडूनं नेलं. मंदीचा काळ होता आणि गडी बेकार होता. अण्णांना मी हे सांगितलं, तर ते म्हणाले, ‘‘बघा! आपलंच होतं.’’ पदक कुणाचं होतं ते त्यांनी ऐकलंच नाही.

अण्णांचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. तो विषय बागेत निघत नाही.

तालमीची आरती मी करणार नाही. तिथं समजावून सांगणं हा प्रकारच कमी. ‘बघ आणि कर’ एवढीच शिकवणी. का, कशासाठी विचारलं तर पाठीत धपाटा. नव्या पोराला पहिले कित्येक दिवस आखाड्यातली लाल माती उकरायला लावायचे. कमरेत वाकायचं कसं हे त्याला फावडं शिकवायचं, आणि जो टिकायचा नाही तो मातीतच कळायचा. औंधच्या पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. राजाला एकच व्यायाम पुरला. पोरांना पुरला का हे कुणी विचारलं नसणार, राजाला कोण विचारतो? बडोद्याला द. चिं. मुजुमदारांनी दहा खंडांचा ‘व्यायामज्ञानकोश’ काढला, तोही चाळून बघा. लंगोट लावलेली माणसं, प्रत्येक पवित्र्याचा फोटो, आणि कुणाच्याही चेहऱ्यावर आपण सुंदर दिसतोय असा भाव नाही. मला त्या फोटोंचं फार बरं वाटतं. पण पुस्तकात बघून व्यायाम करणारा माणूस पान उलटायला हात कुठून आणतो, हे मला कळलेलं नाही.

वस्तादाकडं एक गोष्ट होती, ती म्हणजे वेळ. कट्ट्यावर बसायचा आणि बघायचा. पोरगं तीच बैठक दोनशेव्यांदा मारताना बघणं हे किती कंटाळवाणं काम! आमच्या सरांना एका वेळी अकरा जण, त्यातले चार पीटीचे, एक रील करणारा, आणि एक मी.

आता सरांची बाजू. ती मला चुकून कळली.

परवाच्या शुक्रवारी रात्री साडेदहाला मी पाण्याची बाटली विसरलो म्हणून जिमला परत गेलो. जिम बंद. खाली पार्किंगमध्ये, दोन स्कूटरांच्या मधल्या जागेत, फरशीवर सर उताणे पडलेले. आधी वाटलं, गेले. मग बघितलं तर उजवा हात छताकडं सरळ उभा, मूठ वळलेली, आणि मुठीवर बूट. पायातला. स्कूटरच्या फूटबोर्डवर मोबाइल टेकवलेला, त्यात एक गोरा माणूस असाच मुठीवर बूट घेऊन पडलेला. तो उठत होता: आधी कोपरावर, मग तळव्यावर, मग कंबर उचलून पाय खालून मागं, मग एका गुडघ्यावर, मग उभा. बूट जागच्या जागी. टर्किश गेटअप. येत्या सोमवारचा माल.

सर कोपरावर आले. बूट पडला. शिवी. पुन्हा उताणे. पुन्हा कोपर, तळवा, कंबर... बूट छातीवर. पुन्हा. या वेळी पाय मागं घेताना नजर बुटावरून ढळली आणि बूट थेट स्कूटरच्या चाकाखाली. सर रांगत गेले, बूट काढला, पुसला, पुन्हा मुठीवर ठेवला. मी खांबाआड उभा होतो. सातव्यांदा ते उभे राहिले तेव्हा बूट मुठीवर होता आणि टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. आरसासुद्धा नव्हता.

चार महिन्यांत मला पहिल्यांदा व्यायाम समजला. कुठं घसरतो, कुठं नजर सुटते, कुठल्या वळणावर दोन्ही खांदे एका रेषेत नसले की बूट जातो, सगळं. तरबेज माणसाइतकंच शिकत असलेल्या माणसाला बघूनही शिकता येतं, हे मी नंतर वाचलं. त्या रात्री नुसतं बघत होतो.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर सरांकडं दर सोमवारच्या नव्या व्यायामाचा विषय काढला. मालकांचा आग्रह आहे, म्हणाले. दर आठवड्याला काही नवीन नसेल तर लोक समोरच्या जिममध्ये जातात. पगार किरकोळ, खरी कमाई पीटीच्या हिश्शातली. ‘‘अभिप्रायाच्या वहीत कुणीतरी लिहिलंय ना, काका, व्यायामात तोचतोचपणा आहे म्हणून. तेव्हापासून जास्तच.’’

ती वही मी ओळखतो. ते अक्षरही ओळखतो. बँकेत सही जुळवायला तेच अक्षर वापरतात.

सोमवारी सरांनी टर्किश गेटअप आणला. आरसा, केस, बाही. बारा किलोचं केटलबेल हातात घेऊन ते असे उठले, जणू जन्मताच उठता आलं होतं. ‘‘समजलं ना, काका?’’

‘‘नाही, सर. तो बूट पडतो ते दाखवा ना.’’

सरांचा चेहरा पार्किंगच्या फरशीसारखा झाला. तीन-चार जण वळून बघायला लागले. मला वाटलं, आता आपली पीटी कायमची संपली. पण सरांनी केटलबेल बाजूला ठेवलं, पायातला बूट काढला, माझ्याशेजारी मॅटवर उताणे झाले आणि मुद्दाम चुकीचं केलं. नजर बुटावरून काढली. बूट त्यांच्याच नाकावर पडला. रील करणाऱ्याचा मोबाइल खाली आला. ‘‘हे झालं एक,’’ सर म्हणाले, ‘‘आणि आता हे तुम्ही, काका.’’ आणि त्यांनी मी केला. खांदा कानाला चिकटलेला, गुडघा आत, तोंड उघडं, कमरेत बाक, सगळा मीच. माझा गुडघा आत पडतो हे चार महिने ‘नी आउट’ ऐकून जे कळलं नव्हतं, ते त्या अर्ध्या मिनिटात दिसलं. लोक हसत होते. बायको तिथं नव्हती, हे एक बरं.

‘‘तुमचा बूट काढा.’’

मी उताणा झालो. सरांनी माझा बूट माझ्या मुठीवर ठेवला आणि आरशाकडं पाठ करून मॅटच्या कडेला उकिडवे बसले. मोबाइल खिशात.

कोपर. तळवा. कंबर...

‘‘वन,’’ सर म्हणाले.

बूट पडला.

सरांनी उचलून परत मुठीवर ठेवला.

‘‘वन.’’